चोरीला गेलेली आरएक्स १०० : प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

मामांची जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल पुन्हा उभी करतोय. तिचा बॅरल, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर, बोअरिंग होऊन आला, म्हणजे आतून कातून मोठा केला. मूळ बोअर (आतला व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५०, म्हणून सीसी भरते ९८. मामांनी गाडी १९९१ साली घेतली. ते साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते, गाडी उसाच्या बांधाबांधानं फिरली, त्यामुळे मूळ बोअर कधीच झिजून गेला होता. आता दुसरा ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापाहून मोठा बोअर, ५०.५०. पुढं मूळ मापाहून ०.७५ आणि १.०० नं मोठे असे दोन शिल्लक आहेत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले बोअरिंगवाले काका प्रत्येक कामावर स्वतःची खूण करतात. सगळ्यात खालच्या फिनच्या (बॅरल थंड ठेवणाऱ्या पात्याच्या) पोटाला सेंटर पंचचे ठिपके. जितवा साइझ, तितके ठिपके, आणि शेजारी त्यांच्या वहीतला कामाचा नंबर. "गिऱ्हाईक परत आलं की कुणाचं काम, कवा केलं, ह्याच्यावर वाद नको," म्हणाले. वहीत माझ्या नावापुढं तारीख, मोजमाप आणि तो नंबर आहे. बॅरल उलटा धरून फोटो काढला.

बॅरलवर यामाहा कारखान्याची वनएलवन (1L1) ही अक्षरं ओतीव आहेत. जुन्या आरएक्सवाल्यांना एवढं सांगितलं की पुरतं.

६ ऑक्टोबर २०२४

चेसिस पावडर कोटिंगहून आली. हँडलच्या नेकवरच्या नंबरावर टेप मारून घेतली होती. पावडरचा थर जाड बसतो, आणि २०२६ च्या रिपासिंगला (आरटीओच्या फेरतपासणीला) साहेबांना आकडे वाचता आले पाहिजेत. टेप काढून नंबरावर पातळ कागद ठेवला, पेन्सिल आडवी धरून फिरवली, आकडे उठले. इंजिनच्या नंबराचीही तशीच प्रिंट घेतली. दोन्ही प्रिंट वहीत डकवल्या.

सीटखालच्या पाइपला जुनी चीर होती. मिस्त्रींनी आतल्या बाजूनं छोटी पट्टी वेल्ड केली. पट्टी त्यांनी जुन्या लीफ स्प्रिंगच्या तुकड्याची घेतली आहे आणि वेल्ड घासून साफ केलेला नाही. बाहेरून काही दिसत नाही, बोट घातलं की लागते. तिचाही फोटो.

९ नोव्हेंबर २०२४

दुसऱ्याच किकला चालू झाली. मामा खुर्ची टाकून बसले होते, ते उठले आणि बराच वेळ एक्झॉस्टपाशी उभे राहिले. कार्ब्युरेटर अजून थोडा रिच आहे (पेट्रोल जास्त देतोय), इंजिनाला ऑइल पुरवणारा टूटीचा पंप बरोबर ओढतोय. मोराच्या गळ्याच्या निळ्यातली टाकी उन्हात जी दिसते, ती फोटोत येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२४

गाडी चोरीला गेली. काल मतदान होतं, रात्री अकराला मी स्वतः पार्किंगमध्ये लावून हँडल लॉक केलं होतं. सकाळी जागा मोकळी, फरशीवर लॉकचा तुटलेला तुकडा. तुकडा हात न लावता तसाच ठेवून फोटो काढला आणि ठाण्यात गेलो.

परवा मतमोजणी, निम्मे पोलीस बंदोबस्ताला. ठाणे अंमलदार म्हणाले, आज साधा अर्ज द्या, दोन दिवस वाट बघू, पोरंटोरं फिरवायला नेतात आणि सोडून देतात. मी शांतपणे बसून राहिलो. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), आणि त्याची फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते हे वकील मित्रानं फोनवरून सांगितलं होतं. दुपारी दुसरे हवालदार आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुन्हा दाखल झाला. प्रत फुकट मिळते, ती घेऊनच उठलो.

फिर्यादीत फक्त गाडीचा नंबर, रंग आणि अंदाजे किंमत लिहितात. मी वही पुढं केली आणि बॅरलची खूण, नेकच्या नंबराची प्रिंट, सीटखालची पट्टी हे सगळं वर्णनात घालायची विनंती केली. हवालदारसाहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग वहीकडं, आणि म्हणाले, "घालू की. सापडल्यावर ओळख पटवायला आमालाच उपयोगी पडंल." त्या एका माणसाचा मी कायमचा ऋणी आहे.

२३ नोव्हेंबर २०२४

चौकातल्या दुकानदारानं कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. पहाटे पावणेतीन. एक जण माझ्या गाडीवर बसलाय, इंजिन बंद, मागून दुसऱ्या गाडीवरचा पायानं ढकलतोय. त्या आवाजाची गाडी चालू केली असती तर अख्खी गल्ली जागी झाली असती, हे त्यांना ठाऊक होतं. वळण हायवेच्या दिशेनं. डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून पोलिसांना लगेच कळवलं, त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतलं.

गाडीच्या नंबरावर ई-चलान पडलंय का हे मोबाइलवर बघतोय. काही नाही. आरटीओला पत्र देऊन गाडी चोरीची म्हणून नोंदवून घेतली, म्हणजे त्या नंबरावर ट्रान्स्फर किंवा एनओसी निघणार नाही.

१ डिसेंबर २०२४

आज मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये बसून शोधाची दिशाच बदलली. ते म्हणाले, "तुमी गाडी हुडकताय. गाडी आता ऱ्हायली नसंल. सामान हुडका."

बरोबर आहे त्यांचं. आरएक्स १०० भारतात १९८५ च्या अखेरीला आली आणि १९९६ ला बंद झाली, प्रदूषणाच्या नव्या नियमांत ती टू-स्ट्रोक गाडी बसेना. म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा अठ्ठावीस वर्षांची. ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, या हिशेबामुळे ड्रॅग रेसची पोरं अजून तिच्या मागं आहेत. ज्यांच्याकडं कागद आहेत त्यांच्या गाडीचं इंजिन संपलंय, ज्यांच्याकडं इंजिन आहे त्यांच्याकडं कागद नाहीत. नवे बॅरल बाजारात मिळतात, पण त्यांचे पोर्ट आणि धातू जुन्यासारखे नाहीत अशी सगळ्या मिस्त्रींची तक्रार. अशा वेळी चोराला अख्खी गाडी विकायची जोखीम घ्यायची गरजच काय? इंजिन एकीकडं, टाकी आणि साइड पॅनेल दुसरीकडं, मिकुनीचा कार्ब्युरेटर तिसरीकडं. कागद फक्त चेसिसला लागतात, म्हणून चेसिस सगळ्यात शेवटी.

चारचाकी चोरणाऱ्यांचा हिशेब वेगळा, ते अख्खी गाडी दूरच्या राज्यात नेऊन दुसऱ्या नंबरावर चालवतात. जुन्या दुचाकीत पैसा सुट्या भागांत आहे. "निळी आरएक्स दिसल्यास कळवा" या निरोपानं काही होणार नाही. आधीचा निरोप रद्द केला. नवा निरोप बोअरिंगवाले, क्रँक प्रेस करणारे, पेंटर आणि टू-स्ट्रोकचे मिस्त्री एवढ्यांनाच: कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, निपाणी, बेळगाव. त्यात गाडीचा फोटो नाही. बॅरलच्या खालच्या फिनचा फोटो, ठिपके दोन, कामाचा नंबर, पट्टीचा फोटो, गुन्ह्याचा नंबर, आणि एक विनंती: सामान दिसलं तर गिऱ्हाइकाशी वाद घालू नका, मला किंवा पोलिसांना सांगा.

१५ डिसेंबर २०२४

गडहिंग्लजकडून एक निळी गाडी कळली. हवालदारसाहेबांनी तिथल्या ठाण्याला सांगून नंबर तपासला, गाडी मालकाचीच निघाली. एका माणसाचा फोन आला, गाडी माझ्याकडं आहे, पाच हजार आधी पाठवा. फोटो मागितला तर त्यानं माझाच, नोव्हेंबरमधला फोटो परत पाठवला. त्याचा नंबर पोलिसांना दिला.

११ जानेवारी २०२५

विम्याचं काम संपलं, म्हणजे काही मिळणार नाही हे पक्कं झालं. पॉलिसी थर्ड पार्टी आहे, तिच्यात चोरी येत नाही. एवढ्या जुन्या गाडीला चोरीचं संरक्षण हवं असेल तर कंपनीशी किंमत ठरवून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती द्यायला फार कमी कंपन्या तयार असतात.

तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं की शोध लागला नाही तर पुढं कोर्टात 'अ' समरी पाठवतील. गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही, असा तिचा अर्थ. मी विचारलं, मग फाइल बंद? म्हणाले, "माल सापडला तर परत उघडता येती." त्या वाक्यावर मामांना काही दिवस धीर देता आला.

२ फेब्रुवारी २०२५

बोअरिंगवाल्या काकांचा फोन. जसं बोलणं झालं तसं लिहून ठेवतो.

"पाव्हणं, बसलायसा न्हवं? एक बॅरल आलाय रिबोअरला. जाम झालेला हाय. उलटा केला तर माझंच दोन ठिपकं."

"नंबर?"

"आधी वही उघडली, मगच फोन लावला तुमाला. तुमचाच हाय."

काकांनी गिऱ्हाइकाला काही बोलून दाखवलं नाही. पिस्टन मागवावा लागेल, उद्या दुपारी या, एवढंच सांगितलं आणि बॅरल कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी लगेच हवालदारसाहेबांना कळवलं. मी स्वतः दुकानात जाऊ नये असं ते म्हणाले, म्हणून गेलो नाही. रात्रभर झोप नाही.

३ फेब्रुवारी २०२५

गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजातला पोरगा. त्याच्या स्वतःच्या आरएक्सचे कागद स्वच्छ आहेत, घरच्यांची जुनी गाडी. इंजिन बसलं म्हणून त्यानं एका गॅरेजमधून 'तयार' इंजिन घेतलं, पावती नाही. ते त्याच्या चेसिसला लावलं, टूटीचा पंप काढून टाकला आणि पेट्रोलमध्ये अंदाजानं ऑइल ओतत राहिला. निपाणीच्या रस्त्यावर इंजिन जाम. चोरीच्या इंजिनाला त्यानं नीट वागवलं असतं तर ते काकांच्या टेबलावर इतक्या लवकर आलंच नसतं.

पंचनाम्याला मला ओळख पटवायला बोलावलं. बॅरल हातात घेतला. एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूनं उभे ओरखडे, बोटाच्या नखाला लागतील इतके खोल, आणि त्यांच्यात पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम चिकटलेलं. फिनखाली ठिपके जसेच्या तसे. काकांनी वही पुढं ठेवली, पंचांनी सही केली. क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या कवचावरचा) नंबर ग्राइंडरनं घासून त्या पोराच्या आरसीवरचा नंबर पंच केला होता. त्यातला सात हा आकडा शेजारच्या आकड्यांच्या ओळीत नाही, थोडा वर सरकलाय.

पोरगा रडत होता. चोरीचा माल घेणं हा कलम ३१७(२) खाली गुन्हा आहे, पण माल चोरीचा असल्याचं माहीत असावं लागतं किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं. त्यानं गॅरेज दाखवलं, पैसे पाठवल्याची मोबाइलवरची नोंद दाखवली. तो आता साक्षीदार आहे. मला त्याचा राग आला होता, तो दुपारपर्यंत ओसरला. नंबर घासून दुसरा पंच करणाऱ्याचा राग मात्र आहे तसाच आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

गॅरेजवाल्याकडून पुढची साखळी उलगडली. सीमेपलीकडच्या एका गावात शेडमध्ये चेसिस मिळाली. दोन आरोपी अटकेत.

काळा स्प्रे मारलेला, चाकं नाहीत, वायरिंग कापलेलं. नेकवर नंबराच्या जागी नुसती गुळगुळीत, किंचित दबलेली जागा. मी सीटखाली हात घातला. पट्टी लागली. लीफ स्प्रिंगचा तो तुकडा, न घासलेला वेल्ड. मिस्त्रींनाही बोलावलं होतं, त्यांनी बोट घातलं आणि नुसती मान हलवली. ऑक्टोबरमधला फोटो पंचनाम्याला जोडला.

टाकी, साइड पॅनेल, कार्ब्युरेटर, मीटर गेलेलं. टाकी विकल्याचं आरोपी सांगतात, कुणाला ते नीट सांगत नाहीत.

२० फेब्रुवारी २०२५

चेसिस आणि क्रँककेस न्यायसहायक प्रयोगशाळेकडं पाठवणार. घासलेला नंबर परत कसा दिसतो हे मी समजून घेतलं, ते इथं लिहितो, कारण गाडीवाल्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे.

पंच मारताना पोलाद फक्त वरवर दबत नाही. खुणेच्या खाली बऱ्याच खोलीपर्यंत धातूचे कण चेपले जातात. ग्राइंडर दिसणारा आकडा घालवतो, खालचा चेपलेला भाग तसाच राहतो. पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण पुन्हा पुन्हा फिरवलं की चेपलेल्या आणि न चेपलेल्या धातूवर त्याचा परिणाम वेगवेगळा होतो आणि आकडे हळूहळू वर येतात. याला फ्रायचं द्रावण म्हणतात, ते पोलादासाठी. क्रँककेस ॲल्युमिनियमची, तिला सोडियम हायड्रॉक्साइडसारखं वेगळं रसायन लागतं. चोरानं फार खोल घासलं असेल किंवा तिथं वेल्ड भरला असेल तर काही उठत नाही. आकडे उठले की लगेच फोटो घेतात, कारण ते परत पुसट होऊ शकतात.

१७ मार्च २०२५

अहवाल आला. चेसिसचे शेवटचे दोन सोडून सगळे आकडे वाचता आले, आणि ते माझ्या पेन्सिलच्या प्रिंटशी जुळले. क्रँककेसवर नवा नंबर जुन्याच्या अगदी वर पंच केल्यानं दोन्ही एकमेकांत मिसळलेत. पण बॅरल, पट्टी आणि चेसिस मिळून कोर्टाला पुरेसं आहे असं सरकारी वकिलांचं मत.

२८ मार्च २०२५

मुद्देमाल परत मिळावा म्हणून अर्ज दिला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ४५७ होतं आणि कोर्टाच्या आवारात सगळे अजून चारशे सत्तावन्नच म्हणतात. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल जोडला. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात कुजवत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन योग्य माणसाच्या ताब्यात द्यावीत, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. ठाण्याच्या मागच्या बाजूला गाड्यांमधून उगवलेली बाभळ बघितली की हा निकाल किती ठिकाणी पोचलेला नाही ते कळतं. बावीस वर्षं होऊन गेली त्याला. ज्या माणसाची गाडी तिथं गंजतेय त्याला हे कुणी सांगतच नाही, त्याला वाटतं खटला संपेपर्यंत थांबायचंच असतं.

९ एप्रिल २०२५

आदेश झाला. बंधपत्रावर गाडी माझ्या ताब्यात. अटी: विकायची नाही, स्वरूप बदलायचं नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची.

टेम्पोतून चेसिस, इंजिन आणि बॅरल घरी आणले. मामांनी चेसिसवरून हात फिरवला आणि विचारलं, टाकी कुठंय? सांगितलं.

२० एप्रिल २०२५

दुसरी अट कामाच्या आड येते. स्वरूप बदलायचं नाही म्हणजे काळा स्प्रे काढायचा नाही, बॅरल ०.७५ ला न्यायचा नाही, क्रँककेसवरचा खोटा नंबरही तसाच ठेवायचा. बॅरलवरचे ओरखडे बोअर केले की पुरावाच निघून जातो, हे मला मान्य आहे. खटला किती वर्षं चालेल कोण सांगणार? बॅरल ऑइलमध्ये बुडवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, क्रँकला ग्रीस भरलं, चेसिसच्या उघड्या जागी फक्त गंज थांबवणारं ऑइल.

वकील म्हणाले, दुरुस्तीची परवानगी मागता येते. पोलिसांनी प्रत्येक भागाचे जवळून फोटो आणि मोजमापं घेऊन पंचनामा केला, त्याच्या प्रती जोडून वेगळा अर्ज तयार केलाय.

११ मे २०२५

एक टाकी आली होती, मोराच्या निळ्यातली, माझी नव्हती. माझ्या टाकीच्या तळाला पितळेचा डाग दिलेला होता, हिला नाही. किंमत बरी, पण विकणारा आरसी दाखवेना आणि पावतीही देईना. परत पाठवली. कुणाच्या तरी पार्किंगमधून आलेली टाकी मामांच्या गाडीवर मी बसवणार नाही. आता भाग घेताना विकणाऱ्याच्या आरसीची प्रत आणि सही केलेली पावती घेतो. अख्खी गाडी घेणाऱ्यांना एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' या ऑनलाइन सेवेवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून ती चोरीची नोंदली आहे का ते बघायला सांगतो, फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम.

१५ जून २०२५

दुरुस्तीला परवानगी मिळाली. नेकवरचा द्रावणानं उठवलेला भाग आणि क्रँककेसवरचा नंबर यांना हात लावायचा नाही, बॅरलच्या फिनवरची खूण घासायची नाही, बाकी चालेल. काकांना बॅरल दिला. ओरखडे खोल आहेत, ०.७५ ला गेले नाहीत तर थेट शेवटच्या साइझवर न्यावं लागेल. पिस्टन दोन्ही साइझचे मागवलेत.

आरटीओतले निरीक्षक म्हणाले, चेसिसचा नंबर परत पंच करायचा झाला तर खटल्यानंतर, त्यांच्या देखरेखीखाली, कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडून. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही तोवर थांबेल, आणि २०२६ च्या रिपासिंगचं काय करायचं हे त्यांनाही लेखी विचारावं लागेल. पत्राचा मसुदा तयार आहे: कोर्टाचे दोन्ही आदेश, प्रयोगशाळेचा अहवाल, पेन्सिलची प्रिंट, फिर्यादीची प्रत. उद्या झेरॉक्स काढून आवक-जावकला देऊन पोच घ्यायची.